फोटोंचा क्रम दरवर्षी चुकतो: साडेपाच तासांचा घोळ शोधायचा कसा, मिटवायचा कसा

आधी लक्षण सांगतो. ते तुमच्याकडे असेल तरच पुढे वाचा, नाहीतर वेळ वाया जाईल.

दोन-तीन जणांनी एकाच कार्यक्रमाचे फोटो काढले. सगळे एका फोल्डरमध्ये ओतले, वेळेप्रमाणे लावले, आणि क्रम भलताच लागला. सुटे सुटे पाहिले तर प्रत्येकाचे फोटो बरोबर ओळीत आहेत, एकत्र केले की गोंधळ. मागच्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हा तुम्ही तासभर बसून हाताने क्रम लावला, आणि या वर्षी पुन्हा तेच.

आमच्याकडे हे मारबतीच्या फोटोंचं होतं. नागपूरबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथे काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, वर्षभरात ज्याचा ज्याचा लोकांना राग आला त्याचे पुतळे. "घेऊन जा गे मारबत" म्हणत रोगराई, महागाई सगळं गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. इतवारीच्या गल्ल्यांत उभं राहायला जागा नसते, म्हणून आम्ही तिघं तीन ठिकाणी उभे राहतो: मी कॅमेरा घेऊन, आतेभाऊ त्याचा कॅमेरा घेऊन, आणि भाची मोबाइलवर.

२३ ऑगस्ट २०२५ ची मारबत झाली. रात्री महाल भागात आत्याच्या घरी टीव्हीला लॅपटॉप जोडला. पहिल्या पंधरा-वीस फोटोंत मारबत जळाली. मग काळी आणि पिवळी आमनेसामने आल्या. मग गर्दी जमायला लागली. आत्या म्हणाली, "का रे, जाळली अन् मंग नाचत आली का मारबत?" सगळे हसले. मी पण हसलो, पण आत कुठेतरी चिडलो होतो, कारण २०२३ लाही हेच झालं होतं आणि २०२४ लाही.

या वेळी ठरवलं की फोटो हाताने लावायचे नाहीत, कारण शोधायचं.

पहिली गोष्ट: घड्याळ अजून दुरुस्त करू नका

वेळ चुकली हे कळल्याबरोबर आपण काय करतो? कॅमेरा उघडतो आणि घड्याळ बरोबर लावून टाकतो. मी दोन वर्षं हेच केलं. इथेच पुरावा जातो. घड्याळ किती चुकलेलं होतं हे कळायला ते चुकलेलं घड्याळच हाताशी हवं.

त्याऐवजी मोबाइलवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून आपोआप घेतली जाते आहे ना, हे सेटिंगमध्ये एकदा बघा. आता त्या स्क्रीनचा कॅमेऱ्याने एक फोटो काढा. बस. त्या एका फोटोत खरी वेळ चित्रात आहे आणि कॅमेऱ्याची वेळ फाइलच्या आत आहे. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमची चूक, सेकंदापर्यंत. घड्याळाला हात लावला नसेल तर कार्यक्रमानंतर चार दिवसांनी काढलेला फोटोही चालतो.

आतेभावाच्या कॅमेऱ्याचं असं निघालं: फोटोत मोबाइलवर ०९:४२:१० दिसत होते, फाइलच्या आत १३:१४:३३ लिहिलेले होते. फरक तीन तास, बत्तीस मिनिटं, तेवीस सेकंद.

आता हा आकडा नुसता वजा करून टाकता येतो. पण तो आधी वाचायचा, कारण बहुतेक वेळा फरकाचा आकडाच कारण सांगतो.

आकडा काय सांगतो

साडेतीन तास म्हणजे जपान. जपानची वेळ आपल्यापुढे बरोबर साडेतीन तास आहे. भावाने कॅमेरा जुना घेतला होता, मेनू उघडला तर वेळेचा झोन (टाइम झोन) टोकियो. वरची दोन मिनिटं तेवीस सेकंद म्हणजे कुणीतरी कधीतरी अंदाजाने वेळ लावली असेल त्याची. मी त्याला विचारलं, दोन वर्षांत एकदाही मेनू बघितला नाही? "फोटो तं येऊन राहिले ना बे, मंग घड्याळ कायले पाहू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

साडेपाच तास म्हणजे यूटीसी, लंडनची हिवाळ्यातली वेळ. साडेचार निघाले तर लंडनच, पण तिथली उन्हाळी वेळ लागलेली. बरोबर एक तास निघाला तर उन्हाळी वेळेचा पर्याय, म्हणजे डेलाइट सेव्हिंग, चालू राहिलेला आहे. भारतात तो कायम बंद हवा. बरोबर बारा तास म्हणजे एएम-पीएम उलटं लागलं, चोवीस तासांचं घड्याळ ठेवलं की हा प्रकार संपतो. तारीख चुकली पण वेळ बरोबर, आणि पाच जूनचे फोटो सहा मे दाखवतात, तर तारीख भरताना महिना आणि दिवस उलट पडलेत.

फरक वर्षांचा असेल, म्हणजे फोटो एकदम कॅमेरा निघाला त्या सुमाराच्या एखाद्या एक जानेवारीला जाऊन बसले, तर कॅमेऱ्याचं घड्याळ शून्यावर गेलं आहे. त्याचं कारण खाली सविस्तर देतो, कारण माझं मूळ दुखणं तेच निघालं.

आणि तीन तारखा अशा आहेत की त्या दिसल्या तर हिशोब करायचाच नाही: १ जानेवारी १९८०, १ जानेवारी १९७० पहाटे साडेपाच, आणि १ जानेवारी १९०४. कार्डवरच्या जुन्या पद्धतीच्या फाइल व्यवस्थेचं कॅलेंडर १९८० पासून सुरू होतं, युनिक्स या संगणक प्रणालीचं १९७० पासून, आणि एमपीफोर-एमओव्ही व्हिडिओंचं १९०४ पासून. तिथे काहीच लिहिलेलं नसलं की शून्य वाचलं जातं आणि ही तारीख उगवते. १९७० वाली पहाटे साडेपाचची दिसते कारण यूटीसीमधली मध्यरात्र म्हणजे आपले साडेपाच. माझ्या एका क्लिपवर १९०४ आलं होतं. १९०४ सालीही नागपुरात मारबत निघतच होती म्हणा, पण मी नव्हतो.

फरक नुसता काही मिनिटांचा असेल तर ते घड्याळाचं नैसर्गिक सरकणं. कॅमेऱ्यातलं क्वार्ट्झचं घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद चुकू शकतं, वर्षाला ते दहा-बारा मिनिटांपर्यंत जातं. यात आपल्या उन्हाळ्याचाही हात आहे. हे क्रिस्टल साधारण २५ अंशांना सगळ्यात बरोबर चालतं, त्याहून गरम झालं तरी मागे पडतं आणि थंड झालं तरी मागेच पडतं. वरच्या मजल्यावरच्या कपाटात मे महिन्यात ४५ अंश झाले तर फक्त उष्णतेपायी दिवसाला सुमारे एक सेकंद जातो. दोन महिन्यांत एक मिनिट. लग्नाच्या फोटोंत एका मिनिटाने काही बिघडत नाही, पण दोन कॅमेऱ्यांनी एकच क्षण टिपला असेल तर वरमाला गळ्यात पडल्यावर वर मान वाकवतो असं दिसतं.

माझ्या कॅमेऱ्याचं मात्र जमेना

भावाचं पाच मिनिटांत सुटलं. माझ्या कॅमेऱ्याने घड्याळाचा फोटो काढला तर फरक फक्त चाळीस सेकंद. म्हणजे घड्याळ बरोबर! तरीही ज्या प्रोग्रॅममध्ये आम्ही फोटो बघत होतो त्यात माझे फोटो साडेपाच तास पुढे. दुपारी बाराला काळी-पिवळीची भेट झाली, माझ्या फोटोत ती संध्याकाळी साडेपाचला. भाचीच्या मोबाइलचे दहनाचे फोटो चारचे, आणि ते बरोबर होते. म्हणून आधी जळाली, मग भेटली.

गंमत अशी की तेच फोटो विंडोजच्या फोल्डरमध्ये 'डेट टेकन' रकान्यात पाहिले तर बाराचे. एक प्रोग्रॅम बारा म्हणतो, दुसरा साडेपाच. फाइल एकच.

इथे एक्झिफटूल कामी आलं. फिल हार्वी यांनी बनवलेलं हे मोफत साधन फोटोच्या आत लिहिलेली प्रत्येक नोंद ओळीने समोर ठेवतं. दिसायला रुक्ष आहे, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते, पण विंडोजवर फोटो उचलून त्याच्या चिन्हावर सोडला तरी नोंदी दाखवतं. नोंदींत मूळ वेळ १२:०३ होती, म्हणजे बरोबर. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, वेळेच्या झोनची. त्यात होतं: अधिक शून्य तास शून्य मिनिटं.

डोक्यात प्रकाश पडला तो इथे. फोटोच्या आत वेळ लिहिण्याची जी जुनी पद्धत, एक्झिफ, तिच्यात वर्षानुवर्षं झोनला जागाच नव्हती. नुसतं 'बारा वाजून तीन मिनिटं', कुठले बारा ते नाही. २०१६ साली एक्झिफच्या २.३१ आवृत्तीत झोनसाठी वेगळी नोंद आली. नवे कॅमेरे ती भरतात. काही प्रोग्रॅम ती वाचतात, काही वाचत नाहीत. माझा कॅमेरा सांगत होता की 'लंडनचे बारा वाजून तीन मिनिटं'. जो प्रोग्रॅम झोन वाचत नव्हता त्याने बारा दाखवले. जो वाचत होता त्याने प्रामाणिकपणे त्यात साडेपाच तास मिळवून नागपूरची वेळ काढली. हुशार प्रोग्रॅमच चुकीचा ठरला.

मग दरवर्षी हे का? तर कॅमेरा मी वर्षातून चार-पाच वेळा काढतो. बाकी वेळ तो कपाटात, आणि बॅटरी बाहेर काढून ठेवलेली. बॅटरी बाहेर ठेवावी हा सल्ला चांगलाच आहे. पण घड्याळ चालू ठेवायला कॅमेऱ्यात एक वेगळी छोटी बॅटरी असते, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत ती मुख्य बॅटरीवरूनच भरते. मुख्य बॅटरी आत नसेल तर ती काही आठवडे ते काही महिने तग धरते, मग संपते. संपली की घड्याळ शून्यावर, आणि झोनही कारखान्यातल्या मूळ झोनवर. माझ्या कॅमेऱ्यात तो लंडन.

मग ऑगस्टमध्ये कॅमेरा काढला की पडद्यावर येतं: तारीख-वेळ भरा. मी मोबाइल बघून वेळ भरायचो, ओके दाबायचो आणि निघायचो. झोन त्याच पडद्यावर खालच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेला असतो. तीन वर्षं मी तो बघितलाच नाही. वेळ बरोबर भरून मी दरवर्षी स्वतःच घोळ घालत होतो.

इलाज: भरताना क्रम ठेवा. आधी झोन (दिल्ली किंवा कोलकाता असं नाव असतं, अधिक ५:३० दिसलं की झालं), मग उन्हाळी वेळ बंद, आणि शेवटी तारीख-वेळ. आधी वेळ लावून नंतर झोन बदलला तर कॅमेरा लावलेली वेळ तितक्या तासांनी सरकवतो.

छोटी बॅटरी जिवंत ठेवायची असेल तर दर महिन्या-दीड महिन्याने चार्ज केलेली मुख्य बॅटरी दोन दिवस कॅमेऱ्यात ठेवायची. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावली आहे. एवढं करूनही घड्याळ दर वेळी शून्यावर जात असेल तर ती छोटी बॅटरी म्हातारी झाली. काही जुन्या कॅमेऱ्यांत ती साधा बटण सेल असते आणि बॅटरीच्या कप्प्याजवळून आपल्यालाच बदलता येते. बाकीच्यांत कॅमेरा उघडावा लागतो, ते काम दुरुस्तीवाल्याचं. त्याने खर्च फार सांगितला तर बदलू नका, घड्याळाचा फोटो काढत जा, तेवढ्यानेही भागतं.

व्हिडिओंचा साडेपाच तासांचा घोळ वेगळा आहे

झोन बरोबर लावूनही व्हिडिओ साडेपाच तास सरकलेले दिसतील. हे वेगळं दुखणं आहे आणि यात तुमची चूक नाही.

एमपीफोर आणि एमओव्ही फाइलीत वेळ यूटीसीत लिहायची असा नियम आहे. मोबाइल तो पाळतात. बरेच कॅमेरे पाळत नाहीत, ते सरळ घड्याळातली स्थानिक वेळ तिथे ठेवून देतात. आता प्रोग्रॅमने काय समजायचं? यूटीसी समजला तर मोबाइलच्या क्लिप बरोबर येतात आणि कॅमेऱ्याच्या साडेपाच तास पुढे जातात: सकाळी अकराची मिरवणूक दुपारी साडेचारला. स्थानिक समजला तर कॅमेरा बरोबर आणि मोबाइलच्या क्लिप मागे: अकराची मिरवणूक पहाटे साडेपाचला. पहाटे साडेपाचला इतवारीत ढोल वाजले असते तर लोकांनी आमचाच बडगा काढला असता.

म्हणून व्हिडिओ दुरुस्त करण्याआधी प्रत्येक यंत्राची एकच क्लिप उघडा, तीत काय लिहिलंय आणि ती प्रत्यक्षात कधीची, हे जुळवा. मग ज्या यंत्राच्या क्लिप चुकताहेत तेवढ्याच सरकवा. सगळे व्हिडिओ एकदम निवडून साडेपाच तास ढकललेत तर निम्मे सुधारतील आणि निम्मे बिघडतील. एक्झिफटूलमध्ये व्हिडिओची वेळ यूटीसी धरावी असा पर्याय आहे, मोबाइलच्या क्लिपांसाठी तो वापरा. आणि व्हिडिओ फाइलीत वेळ तीन-चार जागी लिहिलेली असते. एकच जागा बदलली तर एक प्रोग्रॅम सुधारतो, दुसरा तसाच राहतो.

फाइलीच्या नावावरूनही अंदाज येतो, पण तिथेही एक खड्डा आहे. बहुतेक अँड्रॉइड मोबाइल नावात स्थानिक वेळ घालतात. गूगलच्या पिक्सेलच्या फाइली पीएक्सएल अक्षरांनी सुरू होतात आणि त्यांच्या नावातली वेळ यूटीसी असते. भाचीचा फोन पिक्सेल. नावावर विश्वास ठेवून मी तिचे फोटो साडेपाच तास चुकीच्या दिशेने सरकवणारच होतो. तिनेच थांबवलं, "मामा, आधी एकच करून बघ ना." पोरगी शहाणी आहे.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती

सगळ्यात आधी मूळ फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर. मग प्रत्येक यंत्राचा वेगळा फोल्डर. सगळे एकत्र ओतून बसला असाल तरी हरकत नाही, फाइलीच्या आत कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलेलं असतं, त्यावरून वेगळे काढता येतात. पण एकत्र ओतताना एक भीती असते: कॅमेऱ्याच्या फाइलींचे क्रमांक ९९९९ पर्यंत जाऊन पुन्हा ०००१ वर येतात, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले तर एकाच नावाच्या दोन फाइली सहज निघतात. 'रिप्लेस' दाबलं की एक गेली.

ज्यांना काळ्या खिडकीची भीती वाटते त्यांनी डिजिकॅम घ्यावं. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात 'ॲडजस्ट टाइम अँड डेट' नावाचं साधन आहे आणि त्यातच घड्याळाच्या फोटोची सोय आहे: तो फोटो दाखवायचा, त्यात दिसणारी वेळ टाइप करायची, फरक तो स्वतः काढतो आणि निवडलेल्या सगळ्या फोटोंना लावतो. वजाबाकी करताना तास-मिनिटं-सेकंदांत हमखास गल्लत होते (माझी झाली, साठच्या जागी शंभर उसने घेतले), म्हणून ही सोय मला फार आवडली.

लाइटरूम क्लासिक हा फोटो सुधारायचा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यातलं 'एडिट कॅप्चर टाइम'. त्यात अनेक फोटो निवडून एका फोटोची वेळ दुरुस्त केली की बाकीचे त्याच फरकाने सरकतात. विंडोजच्या प्रॉपर्टीजमधूनही 'डेट टेकन' बदलता येतं, पण तिथे पन्नास फोटो निवडून वेळ भरली तर पन्नासांनाही तीच एक वेळ चिकटते. हे एकदा केलं की क्रम कायमचा गेला, म्हणून तो रस्ता एकट्यादुकट्या फोटोपुरताच.

गूगल फोटोजमध्ये संगणकावरून अनेक फोटोंची वेळ एकदम सरकवता येते. फक्त बघण्यापुरतं हवं असेल तर सगळ्यात सोपा मार्ग हाच. मात्र तो बदल त्यांच्या नोंदीत होतो, मूळ फाइलीच्या आत जात नाही. उद्या टेकआउटने (गूगलवरचं सगळं उतरवून घ्यायची सोय) सगळं उतरवून घेतलंत तर दुरुस्त तारीख शेजारच्या जेसन नावाच्या मजकुराच्या फाइलीत असेल आणि फोटोत जुनीच. मला फाइलच दुरुस्त हवी होती, म्हणून मी हा मार्ग सोडला.

माझ्या स्वतःच्या फोटोंना वेळ सरकवायची गरजच नव्हती. वेळ बरोबर होती, फक्त झोनची नोंद अधिक शून्यची अधिक ५:३० करायची होती. हे एक्झिफटूलने एका आज्ञेत चारशे फोटोंना केलं, आणि साडेपाचची भेट बाराला आली. भावाच्या फोटोंतून ३:३२:२३ वजा केले. एक्झिफटूल बदल करताना मूळ फाइल नावाला 'ओरिजिनल' जोडून बाजूला ठेवतं, त्यामुळे चुकलं तरी परत येता येतं. खात्री पटेपर्यंत त्या पुसू नका. आणि दिशा तपासायला आधी एकच फोटो. घड्याळ पुढे असेल तर वजा, मागे असेल तर अधिक. ऐकायला सोपं वाटतं, रात्री साडेअकराला उलटं होतं.

रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली, असतील तर मी थेट त्यांच्यात लिहीत नाही. शेजारच्या एक्सएमपी या नोंदींच्या छोट्या फाइलीत बदल राहू देतो, आणि शेवटी जेपेग काढताना ती बरोबर वेळ आपोआप त्यात जाते.

शेवटी सगळ्यांची नावं बदलली: वर्ष-महिना-दिवस, वेळ, आणि कुणाचा कॅमेरा याचं एक अक्षर. आता कुठल्याही टीव्हीवर, पेन ड्राइव्हवर, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये नावाप्रमाणे लावले तरी क्रम बरोबर येतो. खरं तर टीव्हीवर दाखवायचं असेल तर हाच भरवशाचा उपाय, कारण बऱ्याच टीव्हींना फाइलीच्या आतली वेळ वाचताच येत नाही. फाइल कॉपी केली की विंडोजमधली 'डेट क्रिएटेड' कॉपी केल्याची वेळ होते, त्यामुळे त्या रकान्यावर तर कधीच विसंबू नका.

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो

यांच्यावर पूर्ण इलाज नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतल्या वेळ-जागेच्या नोंदी निघून जातात. अँड्रॉइडवर नावात तारीख राहते, तीही फोटो आला-गेला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची नाही. तास-मिनिटं नाहीतच. पाठवणारा ऐकणारा असेल तर त्याला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग फाइल जशीच्या तशी येते. दोघं जवळ बसला असाल तर क्विक शेअर किंवा लोकलसेंड त्याहून बरं. लोकलसेंड एकाच वायफायवर असलेल्या मोबाइल-संगणकांत चालतं, अँड्रॉइड-आयफोन असा भेदही करत नाही.

आत्याच्या शेजारच्या काकांनी त्या दिवशी बारा फोटो पाठवले होते, सगळे व्हॉट्सॲपवरून, आणि मूळ फोटो त्यांनी पुसून टाकलेले. ते मी डोळ्यांनी लावले. एका फोटोत लाल पिपाणी घेतलेलं पोरगं बापाच्या खांद्यावर होतं. तेच पोरगं माझ्या १२:०७ च्या फोटोत कोपऱ्यात सापडलं, तशीच पिपाणी तोंडात. काकांच्या फोटोला १२:०७ दिलं. दहा असे जुळले, दोन राहिले. ते दोन फोटो क्रमाच्या शेवटी ठेवले.

पुढच्या वेळी निघताना आत्याच्या दारात तिघंही आपापल्या कॅमेऱ्याने एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढणार आहोत. भावाने टोकियो अजून बदललेलं नाही. म्हणतो, आता किती वजा करायचं ते तुले माहीतच आहे ना.